व्हॅन गॉगच्या पत्रांचं जाळं कसं मांडावं: तक्ता, नावं, तारखा आणि न उरलेली पत्रं

व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं संगणकावर अभ्यासायला घेताना पहिला मोह होतो तो जाळं, म्हणजे कोण कोणाशी जोडलेलं आहे याची आकृती, काढून बघण्याचा. नावं गोळा केली, गेफी या जाळी काढणाऱ्या संगणक-प्रणालीत टाकली, की दहा मिनिटांत आकृती तयार होते: मधोमध व्हिन्सेंट, त्याला जाड रेषेने जोडलेला भाऊ थिओ, भोवती बाकीचे. आकृती खोटी नसते, पण तिच्यातून नवं काहीच कळत नाही. पत्रं व्हिन्सेंटचीच जमवली आहेत म्हणून तो मध्ये आहे. थिओ आणि त्याची पत्नी योहाना यांनी ती जपून ठेवली म्हणून ती रेष जाड आहे. आपण मोजली ती माणसांची जवळीक नव्हे, कपाटात काय उरलं ते मोजलं. म्हणून खाली जाळ्याआधी तक्त्याचं काम सविस्तर दिलं आहे. खरा अभ्यास तिथेच होतो.

हाताशी काय आहे

ॲमस्टरडॅमचं व्हॅन गॉग म्युझियम आणि हॉयगेन्स इन्स्टिट्यूट यांनी २००९ मध्ये सगळ्या पत्रांची नवी आवृत्ती काढली, छापील आणि ऑनलाइन. तिच्यात ९०२ पत्रं आहेत: ८१९ व्हिन्सेंटने लिहिलेली आणि ८३ त्याला आलेली. ऑनलाइन आवृत्तीत प्रत्येक पत्राला स्वतंत्र क्रमांक, मूळ मजकूर, इंग्रजी भाषांतर, टिपा आणि बहुतेकांना हस्तलिखिताची छायाचित्रं आहेत. व्हिन्सेंटच्या पत्रांपैकी ६५० हून जास्त थिओला आहेत, म्हणजे पाचात चार. चित्रकार मित्र अँथॉन व्हान रॅप्पार्डला ५८, एमिल बर्नारला २२. थिओने लिहिलेली मात्र चाळीसच्या आसपासच उरली आहेत, कारण आलेली पत्रं जपून ठेवायची सवय व्हिन्सेंटला नव्हती.

जुन्या पुस्तकांतले क्रमांक यापेक्षा वेगळे आहेत. तिथे बर्नारच्या पत्रांना बी, रॅप्पार्डच्या पत्रांना आर, धाकटी बहीण विलेमीन हिच्या पत्रांना डब्ल्यू आणि थिओने लिहिलेल्यांना टी अशी अक्षरं लावून क्रमांक दिलेले असतात. लेख वाचताना हे सारखे भेटतात, म्हणून तक्त्यात जुन्या क्रमांकाचा एक रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. जुन्या आवृत्तीतल्या तारखा मात्र घेऊ नका. नव्या संपादकांनी त्यांतल्या बऱ्याच बदलल्या आहेत.

व्हिन्सेंटचे स्वतःचे शब्द कॉपीराइटमुक्त आहेत, पण २००९ ची भाषांतरं आणि टिपा तशा नाहीत. मजकूर उतरवून घेण्याआधी संकेतस्थळावरच्या अटी वाचा. स्क्रिप्ट लावून पानं घ्यायची परवानगी असेल तर दोन विनंत्यांमध्ये निदान दोन सेकंदांचं अंतर ठेवा आणि प्रत्येक पान एकदाच घेऊन स्वतःच्या डिस्कवर साठवा.

सगळी ९०२ पत्रं एकदम हाती घेऊ नका. दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावचा काळ, म्हणजे फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९, सुरुवातीला उत्तम. पत्रं २०० च्या आसपास आहेत, माणसं भरपूर आहेत आणि पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या पंधरा महिन्यांत भेटतात.

पत्रांचा तक्ता

एका पत्राला एक ओळ. रकाने असे: पत्रक्रमांक, जुना क्रमांक, लिहिणारा, कोणाला, कुठून, कुठे, सर्वांत आधीची शक्य तारीख, सर्वांत उशिराची शक्य तारीख, तारखेचा आधार, भाषा, सोबत काय पाठवलं, पत्र उरलं आहे की नाही, शेरा.

तारखेसाठी दोन रकाने लागतात, कारण व्हिन्सेंट पुढच्या वर्षांत बहुतेक पत्रांवर तारीख घालत नाही. संपादकांनी ती हवामानाच्या उल्लेखावरून, चालू असलेल्या चित्रावरून, पैसे मिळाल्याच्या पोचेवरून, दुसऱ्या पत्राला दिलेल्या उत्तरावरून ठरवली आहे. पत्र १५५ ची तारीख 'सुमारे २२ ते २४ जून १८८०' अशी आहे. तिथे २३ जून लिहून मोकळं झालं की संपादकांची शंका तक्त्यातून कायमची पुसली जाते. दोन्ही टोकं लिहा. पुढे कुठलाही निष्कर्ष काढाल तेव्हा तो एकदा आधीच्या तारखांवर आणि एकदा उशिराच्या तारखांवर तपासा. निष्कर्ष बदलला, तर तो पत्रांचा नव्हता, तारखेच्या अंदाजाचा होता.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे दुखणं ओळखीचं आहे. मोडी पत्रात चंद्र, म्हणजे तारीख, आणि महिना असतो, सालाचा पत्ता नसतो. मग आतल्या मजकुरावरून साल बसवावं लागतं. तिथेही हीच दोन रकान्यांची पद्धत चालते. फक्त मूळ कालगणना जशीच्या तशी लिहायला तिसरा रकाना जोडायचा.

एक्सेल वापरत असाल तर चार गोष्टी आधीच सांभाळा. पहिली: एक्सेलची तारीख १ जानेवारी १९०० पासून सुरू होते. १८८८ ची तारीख ते तारीख म्हणून ओळखतच नाही, आणि एखादी ओळखलीच तर साल बदलूनही टाकतं. म्हणून रकाना आधी 'टेक्स्ट' करा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने लिहा: १८८८-०२-२१. असं लिहिलं की साध्या अक्षरक्रमानेही कालक्रम बरोबर लागतो. दुसरी: पत्रक्रमांकही टेक्स्टच ठेवा, नाहीतर ००१ चा १ होतो आणि मूळ आवृत्तीशी जुळणी तुटते. तिसरी: तक्त्यातले आकडे आणि संगणकाने वाचायची रकान्यांची नावं रोमन लिपीत ठेवा. देवनागरी आकडे शेऱ्यात चालतील, पण गेफी किंवा नकाशे काढणारं पॅलाडिओ ते संख्या म्हणून धरतीलच असं नाही. चौथी: फ्रेंच नावांतली स्वरचिन्हं. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर-फाइल, दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की एमिलच्या पहिल्या अक्षराच्या जागी भलतीच दोन चिन्हं दिसतात. तशीच सेव्ह केली तर मूळ अक्षर गेलंच. फाइल 'डेटा' मेन्यूतून मागवा आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. लिबरऑफिस हे आपणहून विचारतं, त्यामुळे या कामाला तेच जास्त सोयीचं.

'कोणाला' या रकान्यात पत्रावरचं नावच लिहा, पण ते पत्र आणखी कोणी वाचलं हे कळत असेल तर वेगळा रकाना करा. १८८८ च्या उन्हाळा-हिवाळ्याच्या मधल्या महिन्यांत चित्रकार गोगँ आणि बर्नार फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या पाँ-तावेनला एकत्र होते. एकाला लिहिलेलं दुसऱ्यापर्यंत पोचत होतं. व्हिन्सेंट तर गोगँकडून आलेली पत्रं थिओला धाडत असे. एक लिहिणारा आणि एक वाचणारा हा हिशेब त्या मंडळींना लागू पडत नाही.

नावं: इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं

माणसांचा तक्ता वेगळा करा. प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक द्या आणि पत्रांच्या तक्त्यात नावाऐवजी तो क्रमांक वापरा. शक्य तिथे विकिडेटा या खुल्या माहितीकोशाचा किंवा गेटी संस्थेच्या कलाकार-सूचीतला क्रमांकही जोडा. नेदरलँड्समधल्या चित्रकारांसाठी हेगच्या आरकेडी संस्थेची सूची सर्वांत भरवशाची.

व्हॅन गॉग घराण्यात नावं फिरून फिरून तीच आहेत. चित्रकार व्हिन्सेंट, त्याचे काका व्हिन्सेंट, म्हणजे चित्रव्यापारी 'सेंट काका', आणि थिओचा ३१ जानेवारी १८९० ला जन्मलेला मुलगा व्हिन्सेंट विलेम. वडील थिओडोरस, भाऊही थिओडोरस म्हणजे थिओ. ॲमस्टरडॅमचे चित्रव्यापारी काका कोर आणि धाकटा भाऊ कोर. आई ॲना, बहीणही ॲना. पत्रात नुसतं 'कोर' आलं तर कोण, हे त्या पत्राची टीप वाचूनच ठरवायचं. संगणकाला ते ठरवता येत नाही.

नावांची वेगवेगळी रूपं एकत्र आणायला ओपनरिफाइन ही तक्ते साफ करणारी प्रणाली वापरा. 'क्लस्टर' मध्ये आधी 'की कोलिजन' आणि 'फिंगरप्रिंट' निवडा. ही पद्धत शब्दांचा क्रम, विरामचिन्हं आणि मोठी-लहान अक्षरं बाजूला ठेवते, त्यामुळे आडनाव आधी लिहिलेलं आणि नंतर लिहिलेलं नाव नीट जुळतं. इथवर धोका कमी आहे. दुसरी पद्धत 'निअरेस्ट नेबर' एका-दोन अक्षरांच्या फरकाने नावं जोडते, आणि या पत्रांत ती घात करते. मोने आणि माने या दोन फ्रेंच चित्रकारांच्या रोमन स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. ज्याची शेतकऱ्यांची चित्रं व्हिन्सेंट आयुष्यभर डोळ्यांपुढे ठेवत आला तो चित्रकार मिले आणि आर्लमध्ये व्हिन्सेंटकडे चित्रकला शिकणारा लष्करी अधिकारी मिलिये, यांच्यातही एकाच अक्षराचं अंतर आहे. 'सिलेक्ट ऑल' करून 'मर्ज' दाबलं की दोन माणसं एक होतात, आणि पुढे जाळ्यात मिलिये हा कलाविश्वाच्या केंद्रस्थानी दिसायला लागतो. प्रत्येक जोडी डोळ्यांखालून घाला. एकत्र करण्याआधीचा मूळ रकाना पुसू नका, त्याची प्रत ठेवूनच बदल करा.

मजकुरातून नावं आपोआप काढणारी साधनंही वापरता येतात, पण त्यांचं फलित कच्चा माल समजा. डच चित्रकार मॉव्ह हा व्हिन्सेंटचा नात्यातला आणि हेगमधला मार्गदर्शक. फ्रेंचमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ जांभळट रंग. रंगांबद्दल पानंच्या पानं लिहिणाऱ्या माणसाच्या पत्रांत यातून काय गोंधळ होईल ते उघड आहे. पन्नास पत्रं हाताने तपासा, किती नावं सुटली आणि किती चुकीची आली ते लिहून ठेवा, मगच बाकीच्यांवर विश्वास टाका.

न उरलेली पत्रं

हा भाग वगळला जातो आणि सर्वांत जास्त फळ याच भागातून मिळतं.

व्हिन्सेंटची अनेक पत्रं एकाच धर्तीवर सुरू होतात: पत्र मिळालं, सोबतची ५० फ्रँकची नोट मिळाली, आभार. प्रत्येक पोच म्हणजे थिओच्या एका पत्राचा पुरावा, मग ते पत्र आज असो वा नसो. अशा प्रत्येक पत्रासाठी तक्त्यात नवी ओळ घाला. क्रमांक वेगळ्या मालिकेतला द्या, 'उरलं आहे का' मध्ये 'अनुमानित' लिहा आणि ज्या पत्रातून ते कळलं त्याचा क्रमांक नोंदवा. तारखेच्या दोन टोकांपैकी उशिराचं टोक म्हणजे पोच देणाऱ्या पत्राची तारीख. आधीचं टोक त्याच्या मागच्या पोचेवरून ठरतं.

चूक होते ती दुहेरी मोजणीत. एकाच नोटेची पोच व्हिन्सेंट दोन पत्रांत देतो, किंवा आधीच्या आठवड्यातल्या पत्राचा पुन्हा उल्लेख करतो. रक्कम, विषय आणि दिवस यांतलं निदान एक काहीतरी वेगळं असल्याशिवाय नवी ओळ घालू नका. शंका राहिली तर शेऱ्यात लिहा आणि मोजणीतून बाहेर ठेवा.

हे काम झालं की थिओ निव्वळ पत्रं घेणारा राहत नाही. उरलेल्या पत्रांचं जाळं एका बाजूला झुकलेलं दिसतं: व्हिन्सेंट लिहितो आहे, थिओ गप्प आहे. अनुमानित ओळी घातल्या की खरी ये-जा दिसायला लागते.

आता उलटी बाजू. पत्र नाही याचा अर्थ संबंध नाही असा कधीच धरू नका. फेब्रुवारी १८८६ च्या अखेरीपासून फेब्रुवारी १८८८ पर्यंत व्हिन्सेंट पॅरिसमध्ये थिओच्याच घरी राहत होता. त्या दोन वर्षांची पत्रं मोजकीच आहेत. वर्षवार जाळं काढलं तर जिथे दोघे भाऊ एका छपराखाली होते तिथेच थिओची रेष जवळजवळ नाहीशी होते. गोगँ व्हिन्सेंटच्या आर्लमधल्या पिवळ्या घरात २३ ऑक्टोबर १८८८ ला आला आणि २३ डिसेंबरला व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला त्या प्रसंगापर्यंत दोघे एकत्र राहिले. त्या नऊ आठवड्यांत त्यांनी एकमेकांना पत्रं लिहायचं कारणच नव्हतं. याउलट, ऑगस्ट १८७९ नंतर जून १८८० पर्यंत व्हिन्सेंटने थिओला लिहिलेलं एकही पत्र नाही, आणि ही पोकळी खऱ्या दुराव्याची आहे. पत्र १५५ मध्ये तो स्वतः त्या मौनाबद्दल बोलतो. तक्त्यात तिन्ही पोकळ्या सारख्याच दिसतात.

म्हणून तिसरा तक्ता करा: कोण, कोणासोबत, कुठे, कधीपासून कधीपर्यंत. सहवासाचा हा तक्ता छोटा असतो, एखाद्या तासात होतो. पण तो पत्रांच्या जाळ्यावर वेगळ्या रंगाच्या रेषांनी घातल्याशिवाय पत्रांच्या संख्येबद्दल काहीही बोलू नये.

जाळी दोन, एकत्र करू नका

पहिलं जाळं पत्रव्यवहाराचं: लिहिणारा, घेणारा, दिशा असलेली रेष, वजन म्हणजे पत्रांची संख्या. दुसरं उल्लेखांचं: कोणत्या पत्रात कोणाचं नाव आलं. दोन्हींचा अर्थ वेगळा. थिओला पत्र लिहिणं हा संबंध आहे. फ्रेंच चित्रकार दलाक्रवाचं नाव शंभरदा घेणं हा आदर आहे. दलाक्रवा १८६३ मध्येच वारला होता. माणसांच्या तक्त्यात जन्म-मृत्यूची सालं असतील तर त्या वेळी हयात असलेले आणि नसलेले एका झटक्यात वेगळे करता येतात. हे जरूर करा. व्हिन्सेंटच्या मनातलं जग आणि त्याला खरोखर भेटू शकणारी माणसं यांतला फरक असा लख्ख दिसतो.

उल्लेख पत्रागणिक एकदाच मोजा, नाहीतर एका लांब पत्रात वीसदा आलेलं नाव वीस पत्रांत आलेल्या नावाच्या बरोबरीला येतं. एकाच पत्रात आलेल्या नावांना परस्परांशी जोडायचं असेल तर आणखी जपून. ३० नावांची यादी असलेलं एक पत्र ४३५ रेषा निर्माण करतं, १० नावांचं पत्र ४५. प्रदर्शनाबद्दलचं एकच पत्र सगळ्या आकृतीवर राज्य करतं. उपाय दोन: प्रत्येक रेषेला १ भागिले (नावांची संख्या वजा १) इतकंच वजन द्या, किंवा जोडणी परिच्छेदापुरती ठेवा. परिच्छेदाची पद्धत जास्त अर्थपूर्ण आहे, पण त्यासाठी मजकूर परिच्छेदवार तोडलेला हवा.

गेफीसाठी दोन फाइली लागतात. नोड्सच्या (माणसांच्या) फाइलीत आयडी आणि लेबल, एजेसच्या (रेषांच्या) फाइलीत सोर्स, टार्गेट, टाइप आणि वेट. ही शीर्षकं रोमन लिपीत, अचूक स्पेलिंगमध्ये. 'डेटा लॅबोरेटरी' तून आधी नोड्स, मग एजेस मागवा, दुसऱ्या वेळी 'ॲपेंड टू एक्झिस्टिंग वर्कस्पेस' निवडा. त्याच दोन माणसांच्या अनेक ओळी असतील तर एकत्रीकरणाची पद्धत 'सम' आहे ना ते बघा; नसेल तर वजनं चुकतात आणि गेफी काही तक्रार करत नाही.

मांडणीसाठी 'फोर्स ॲटलस २' पुरेसं आहे. आकृती स्थिरावली की थांबवा, मग 'प्रिव्हेंट ओव्हरलॅप' लावा. कोण वर, कोण खाली, कोण डावीकडे याला काहीही अर्थ नाही. पुन्हा चालवलं की आकृती फिरते. गट शोधणारं 'मॉड्युलॅरिटी' सुद्धा दर वेळी थोडं वेगळं उत्तर देतं. निदान दहा वेळा चालवा आणि जी माणसं दर वेळी एकत्रच राहतात त्यांनाच गट म्हणा.

केंद्रीयतेचे आकडे, म्हणजे जाळ्यात कोण किती मध्यवर्ती आहे ते, काढण्यापूर्वी व्हिन्सेंटचा नोड काढून टाका. त्याच्याभोवतीच जमवलेल्या संग्रहात तो केंद्रस्थानी येणार हे आधीच ठरलेलं आहे. मग थिओलाही काढून बघा. उरलेलं जाळं किती तुकड्यांत फुटतं, ते तुकडे कोण सांधतं, हे प्रश्न त्यानंतरच विचारण्याजोगे होतात.

कालखंड पाडताना कॅलेंडरची वर्षं घेऊ नका, मुक्काम घ्या: हेग, ड्रेन्थ, नुएनन, अँटवर्प, पॅरिस, आर्ल, ८ मे १८८९ पासून साँ-रेमीचं रुग्णालय आणि २० मे १८९० पासून ओव्हेर. १८८८ हे एक वर्ष म्हणून घेतलं तर पॅरिसचे शेवटचे आठवडे, पिवळ्या घराची स्वप्नं आणि डिसेंबरचं संकट एकाच पिशवीत पडतात. नकाशासाठी पॅलाडिओ सोपं आहे. तिथे अक्षांश आणि रेखांश एकाच रकान्यात, स्वल्पविराम देऊन, अक्षांश आधी.

शब्दांची मोजणी

व्हिन्सेंट आधी बहुतेक डचमध्ये लिहितो. पॅरिसनंतर थिओला तो फ्रेंचमध्ये लिहितो, पण आईला डचमध्येच. त्यामुळे दोन भाषांमधला फरक म्हणून जे दिसेल ते कदाचित काळाचा किंवा वाचणाऱ्याचा फरक असेल. मूळ भाषांतली मोजणी वेगवेगळी ठेवा. इंग्रजी भाषांतरावर मोजणी सोयीची, पण तिथे शब्दांची निवड भाषांतरकारांची असते. पिवळा, निळा अशा रंगांच्या नावांना ते चालून जातं; दुःख, शांती, श्रद्धा अशा शब्दांना चालत नाही. आकडे नेहमी दर हजार शब्दांमागे द्या, कारण चार ओळींची चिठ्ठी आणि बारा पानी पत्र दोन्ही या संग्रहात आहेत. विषय शोधणारी साधनं वापरायची तर लांब पत्रांचे सुमारे पाचशे शब्दांचे तुकडे करा.

नोंदवही आणि फाइली

तक्त्यांसोबत एक साधी मजकूर-फाइल ठेवा आणि प्रत्येक निर्णय तारखेसह लिहा: 'पत्रात नुसतं कोर, टिपेवरून काका धरले', 'अमुक अनुमानित पत्र दुहेरी वाटलं, काढलं'. सहा महिन्यांनी एखादी रेष तिथे का आहे हे आठवत नाही, आणि विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक रेषेमागचे पत्रक्रमांक एजेसच्या फाइलीत शेवटच्या रकान्यात ठेवा. आकृतीत काही नवल दिसलं की ते क्रमांक काढून ती पत्रं मुळातून वाचा. निदान पाच वाचल्याशिवाय त्या रेषेबद्दल लिहू नका.

काम दुसऱ्यांच्या उपयोगी पडावं असं वाटत असेल तर तक्ते सीएसव्हीत, आवृत्ती क्रमांक घालून, झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेवा. पत्रांची लिहिणारा-घेणारा-स्थळ-तारीख ही माहिती टीईआय या मजकूर-नोंदणीच्या प्रमाण पद्धतीतल्या 'करेस्पडेस्क' साच्यात बसवली, तर बर्लिनच्या अकादमीच्या करेस्पसर्चसारख्या शोधयंत्रात इतर संग्रहांशी ती जुळवता येते. अनुमानित पत्रं त्या फाइलीत घालताना त्यांवरची खूण काढू नका, नाहीतर पुढचा माणूस ती खरोखर अस्तित्वात आहेत असं समजून शोधत बसेल.